खारीचा दाखला

स्टीफन क्रेनची ‘द रेड बॅज ऑफ करेज’ ही कादंबरी अभ्यासाला लागली की प्रश्न ठरलेला: तिचा नायक, तरुण सैनिक हेन्री फ्लेमिंग, शूर की भित्रा? गाइडांत उत्तर तयार असतं. पळाला, पस्तावला, शेवटी मर्द झाला. मार्कही मिळतात. पण मग त्या खारीचं काय करायचं?

अमेरिकेतली यादवी. पहिला हल्ला हेन्री झेलतो. दुसऱ्याला बंदूक, टोपी सगळं सोडून धूम ठोकतो. रानात शिरल्यावर एका खारीला पाइनचं फळ फेकून मारतो. खार तुरुतुरु झाडावर. झालं, स्वारी खूश! जिवावर बेतलं की पळायचं, हा तर निसर्गाचाच कायदा. खार कुठे छाती काढून उभी राहिली? आणखी थोडं आत गेल्यावर झाडाला टेकलेलं एका सैनिकाचं प्रेत दिसतं. निळा गणवेश विटून हिरवट झालेला, चेहऱ्यावर मुंग्या. या साक्षीदाराची उलटतपासणी हेन्रीच्या मनातला वकील घेत नाही. तो किंचाळतो आणि पळतो.

स्टीफन क्रेन जन्मला १८७१ साली, यादवी संपली १८६५ मध्ये. १८९५ साली पुस्तक आलं तेव्हा त्यानं एकही लढाई पाहिली नव्हती. पण असले युक्तिवाद ऐकायला रणांगणावर कशाला जायला हवं? परीक्षेच्या आदल्या रात्री स्वतःचं मन ऐकलं तरी पुरे.

पुढे डोक्यावर जखम होते तीही आपल्याच पळणाऱ्या सैनिकाच्या बंदुकीच्या दस्त्यानं. पलटणीत सगळ्यांना वाटतं, गोळी चाटून गेली. त्याचा सोबती विल्सन स्वतःचं कांबळं देतो. हेन्री ते घेतो आणि गप्प बसतो. दुसऱ्या दिवशी मात्र खरंच लढतो, निशाण हातात घेऊन. ते खोटं नाही, आणि म्हणूनच पंचाईत आहे.

कारण मधे तो फाटक्या कपड्यांतला सैनिक भेटून गेलेला असतो. डोक्याला, हाताला गोळ्या लागलेल्या, तरी तो आपुलकीनं हेन्रीला विचारतो, “तुला कुठं लागलंय?” हेन्री तोंड चुकवतो आणि त्याला शेतात भरकटत सोडून जातो. शेवटच्या प्रकरणात हीच आठवण त्याला छळते, ती कुणाला कळेल याची धास्तीही वाटते. मग हळूहळू तो तिलाही लांब सारतो. गाइडात याला ‘प्रगल्भता’ म्हटलेलं असतं. मला वाटतं, वकिलानं आणखी एक केस जिंकली.