दिवाळी नेमकी कोणत्या दिवशी?

मुलांच्या शाळेच्या कार्यालयातून ऑक्टोबरच्या सुरुवातीला आलेल्या ईमेलमध्ये एकच प्रश्न होता : दिवाळी नेमकी कोणत्या दिवशी आहे? प्रश्न सौजन्याने विचारलेला होता आणि विचारणाऱ्या बाईंचा हेतूही चांगलाच होता. परंतु त्या रात्री आम्ही दोघे जेवणाच्या टेबलावर कालनिर्णय उघडून बसलो, तेव्हा वसुबारसेपासून भाऊबीजेपर्यंतच्या दिवसांपैकी एकावर बोट ठेवणे काही केल्या जमेना.

इंग्लंडमध्ये रेडिंगला राहायला आल्यापासूनच्या नऊ वर्षांत एकाही दिवाळीला आम्ही साताऱ्याला नव्हतो. या वेळी बाबांनी फोनवर, आग्रह अजिबात न करता, एवढेच सांगितले होते की कामट्यांचा आकाशकंदील बांधताना आता हात थरथरतात, तेव्हा नातवाने एकदा शेजारी बसून शिकून घ्यावे. २०२५ मध्ये लक्ष्मीपूजन २१ ऑक्टोबरला, मंगळवारी होते. आमच्या शाळेची हाफ टर्मची, म्हणजे टर्मच्या मध्यावरची, सुट्टी मात्र २७ तारखेला सुरू होणार होती. म्हणजे दिवाळीच्या आठवड्यातले, २० ते २४ तारखेचे, शाळेचे पाच दिवस बुडणार होते, आणि इंग्लंडमधल्या पालकांना पाच हा आकडा चांगलाच ठाऊक असतो.

इथे शाळेचा प्रत्येक दिवस सकाळ आणि दुपार अशा दोन सत्रांत मोजतात. दहा शालेय आठवड्यांच्या मुदतीत विनापरवाना गैरहजेरीची दहा सत्रे भरली, की दंडाचा विचार करणे शाळेला भाग पडते. ऑगस्ट २०२४ पासून हा दंड प्रत्येक मुलामागे प्रत्येक पालकाला ८० पौंड आहे आणि तो २१ दिवसांत भरला नाही, तर १६० होतो. दोन मुले आणि दोन पालक, म्हणजे आमच्या घराचा हिशेब ३२० पौंडांपासून सुरू होणार. तीन वर्षांच्या आत दुसऱ्यांदा तीच चूक झाली तर ८० चा सवलतीचा दर नाही, आणि तिसऱ्यांदा झाली तर प्रकरण न्यायालयातही जाऊ शकते.

पूर्वी मुख्याध्यापकांना वर्षातून दहा दिवसांपर्यंत अशी रजा देण्याची मुभा होती. २०१३ मध्ये ती गेली आणि ‘अपवादात्मक परिस्थिती’ हे शब्द आले. आयल ऑफ वाइटवरच्या जॉन प्लॅट या गृहस्थांनी २०१५ मध्ये शाळा सुरू असताना मुलीला फ्लोरिडाला नेले आणि दंड भरायचे नाकारले. खालच्या न्यायालयांत ते जिंकले, परंतु एप्रिल २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ‘नियमित हजेरी’ म्हणजे शाळेच्या नियमांनुसार हजेरी, असा अर्थ लावून तो वाद संपवला. थरथरणारे हात आणि कामट्या यांना आमच्या शाळेने अपवादात्मक मानले नाही. धार्मिक सणाचा म्हणून एक दिवस मात्र दोन्ही मुलांना मिळणार होता, आणि म्हणूनच तो प्रश्न आला होता.

आई म्हणाली, “चार दिवस शाळा बुडाली म्हणून काय आभाळ कोसळणार आहे का?” लहानपणी मराठीच्या पेपरात रजेचा अर्ज लिहिलेल्या बाईंचे ते मत होते. त्या अर्जातले ‘प्रकृती अस्वास्थ्यामुळे’ हे शब्द वर्गातल्या पालकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवरही, इंग्रजी वेषात, आपुलकीने सुचवले गेले : पोट बिघडले म्हणून कळवा, सगळेच तसे करतात. एका पालकांनी तर दंड म्हणजे विमानभाड्यातली आणखी एक रक्कम, असे मांडून दाखवले. सुट्टीच्या आठवड्यातली तिकिटे इतकी महाग होतात की दंड भरूनही मंडळी फायद्यात राहतात. हिशेब चुकीचा नव्हता. तरीही मला तोच सर्वांत टोचला, कारण मुले शाळेत नियमाने यावीत हा नियमाचा हेतू मला मान्य आहे, आणि ज्याला परवडते त्याच्यासाठी त्या नियमाचे नुसते तिकीट होते. पोट बिघडल्याची थाप तर आमच्याकडे चाललीच नसती. परतल्यावर पहिल्या सकाळी वर्गातल्या सतरंजीवर बसून सुट्टीत काय काय केले ते प्रत्येकाने सांगायचे असते, आणि आमचा सहा वर्षांचा मुलगा विमानातल्या जेवणापासून सुरुवात करणारा आहे.

अखेर आम्ही २१ तारीख कळवली आणि उरलेल्या चार दिवसांसाठी खरे कारण लिहिले. चार दिवसांची आठ सत्रे. शुक्रवारी शाळा सुटताच निघालो, त्यामुळे वसुबारस हीथ्रोवर गेली. साताऱ्यात काय झाले ते सांगत बसत नाही. कंदील वाकडा झाला, आणि बाबांनी तो सरळ करू दिला नाही.

खरा जाच परतल्यावर सुरू झाला. हजेरीपट बंद झाल्यानंतर मूल शाळेत पोहोचले, तर तेही विनापरवाना गैरहजेरीचे एक सत्र धरले जाते, ही ओळ मी शाळेच्या पत्रात फार उशिरा वाचली. आमच्या खात्यात आठ सत्रे होती. याचा अर्थ ते दहा शालेय आठवडे संपेपर्यंत, म्हणजे जानेवारीच्या मध्यापर्यंत, उशीर चालला असता तो फक्त एकदा. रेडिंगच्या डिसेंबरमध्ये सकाळी आठला जेमतेम उजाडते, एक हातमोजा नेहमी हरवलेला असतो, गाडीच्या काचेवरचे बर्फ खरवडेपर्यंत दुसराही ओला होतो, आणि मुलीला नेमके दारात आठवते की आज ख्रिसमस जंपर घालायचा आहे. शाळेचे उरलेले नऊ आठवडे मी या घरात एकच वाक्य बोलत होते, आणि ते ‘बूट’ या शब्दाने संपत असे. उशीर एकदाही झाला नाही. त्याचे श्रेय शिस्तीला नव्हे, भीतीला आहे.

शेवटच्या आठवड्यात संक्रांत आली. शुक्रवारी मुलांना शाळेत सोडून घरी आले, तेव्हा नवऱ्याने २०२६ चे कालनिर्णय नोव्हेंबरपर्यंत उलटले होते. त्या वर्षी अधिक ज्येष्ठ आहे, त्यामुळे दिवाळी पुढे गेली आहे. लक्ष्मीपूजन ८ नोव्हेंबरला येते, तोवर हाफ टर्म संपून आठवडा झालेला असेल. परंतु तो रविवार आहे, निदान त्या दिवसासाठी कोणाची परवानगी नको, असे तो म्हणाला. मी पाडवा कोणत्या वारी येतो ते पाहू लागले.