स्प्रिंगला सुट्टी नसते

गाडी गराजमध्ये उभी असते, चावी किचनमधल्या खुंटीला, इंजिन थंडगार, आणि आपल्याला वाटतं की गाडी आता आराम करतेय. करतेच, पण चार स्प्रिंगा सोडून. त्या दिवसरात्र वजन अंगावर घेऊन दबलेल्या बसलेल्या असतात, गाडी चालू असो नाहीतर महिनाभर कव्हरखाली असो. माझी गाडी नव्वदच्या दशकातली माझदा एमएक्स-५, इकडे अमेरिकेत तिला मियाटा म्हणतात, म्हणजे हिच्या स्प्रिंगा तीस वर्षांच्या वर अशा सलग ड्युटीवर आहेत आणि कुणी त्यांचं नावसुद्धा काढत नाही. लोक बॉनेट उघडून इंजिन बघतात, सीटवर हात फिरवतात, हौशी असेल तर छप्पर उघडून दाखव म्हणतात. चाकाच्या आत वाकून स्प्रिंग बघणारा माणूस मला अजून भेटायचाय.

मी राहतो डेट्रॉइटच्या उपनगरात. इथल्या गाड्यांची एक गंमत आहे, म्हणजे गंमत कसली, दुखणं आहे. या शहराच्या पोटात साधारण साडेतीनशे मीटर खोल मिठाची खाण आहे, अगदी खरीखुरी, चालू असलेली. हिवाळ्यात बर्फ वितळायला रस्त्यावर जे खडेमीठ मारतात ते तिथूनही येतं. मग ते मीठ चाकांनी उडून गाडीच्या खालच्या प्रत्येक सांध्यात, प्रत्येक आट्यात जाऊन बसतं. आपल्याकडे खाल्ल्या मिठाला जागावं म्हणतात, इथले बोल्ट इतके जागतात की एकदा धरलेली जागा सोडतच नाहीत. माझ्या पुढच्या स्प्रिंगेच्या खालच्या वेढ्याचा रंग पापुद्र्यांनी सुटला होता आणि आत लोखंडाला बारीक खड्डे पडले होते. स्प्रिंग म्हातारी झाली म्हणून तुटत नाही, ती अशा एखाद्या खड्ड्यापासून चिरत जाते आणि मग थंडीतल्या एखाद्या सकाळी कट्टकन जाते. त्यामुळे बदलायच्या होत्याच. आणि बदलतोच आहोत तर गाडी थोडी खाली बसवणाऱ्या घ्याव्यात, असं माझं मीच ठरवून टाकलं. बायकोला फक्त गंज दाखवला.

तेव्हा आई आलेली होती, सहा महिन्यांच्या मुक्कामाला. गराजमध्ये खुर्ची टाकून मटार सोलत बसली होती आणि गाडी चार स्टँडवर उचललेली, चाकं काढलेली बघून म्हणाली, "चालत होती ना रे? मग कशाला उघडलीस?" याला उत्तर नाही. गंज सांगितला तर म्हणाली, "मग गॅरेजला दे की." गॅरेजला दिली असती तर तासाच्या मजुरीच्या हिशोबात गाडीच्या किमतीचा एक लचका गेला असता हे खरं, पण ते खरं कारण नव्हतं आणि तिलाही ते कळत होतं.

तर काम काय असतं. सगळ्यांना वाटतं स्प्रिंग बदलणं म्हणजे जुनी काढली, नवी बसवली. ते खरं म्हणजे सगळ्यात छोटं काम आहे. या गाडीला चारही चाकांना डबल विशबोन सस्पेन्शन आहे, म्हणजे वर एक हात, खाली एक हात, आणि मधून शॉकअप जातो, त्या शॉकअपच्याच अंगाभोवती स्प्रिंग. आधी अँटिरोल बारची (वळणावर गाडी कमी कलावी म्हणून डावी-उजवी बाजू जोडणारी आडवी दांडी) लिंक सोडायची, नाहीतर दुसरी बाजू बारला पिळून धरते आणि हात खाली येतच नाही. मग वरचे दोन नट, मागच्या बाजूचे तर डिकीत कार्पेट सारून शोधायला लागतात (बॅटरीपण तिथेच डिकीत, वजन पुढे-मागे निम्मं-निम्मं व्हावं म्हणून काय काय केलंय या लोकांनी). मग शॉकअपचा खालचा बोल्ट. आणि तरीही ते सगळं बाहेर येत नाही, कारण वरचा हात आडवा येतो, तो सोडवायला त्याच्यातून आरपार गेलेला लांब बोल्ट ओढायचा. मागच्या चाकांना असाच एक लांब बोल्ट खाली असतो, हबच्या खालून आरपार. मिशिगनमध्ये राहणाऱ्या मियाटावाल्याला मागचा लांब बोल्ट एवढंच म्हणा, त्याचा चेहरा बघा. तो बोल्ट बुशच्या, म्हणजे सांध्यातल्या रबरी तुकड्याच्या, आतल्या लोखंडी नळीला गंजाने असा चिकटतो की नट निघाला तरी बोल्ट हलत नाही, आणि जोर लावला तर बोल्टबरोबर नळी आणि नळीबरोबर रबर असं सगळं कुटुंब फिरायला लागतं. आदल्या रात्री तेल मारून ठेवायचं, सकाळी परत मारायचं, थोडं घट्टच्या दिशेनेच फिरवायचं, मग उलटं, मग परत. घाई केली की बोल्टचं डोकं हातात येतं. माझं तेवढं नशीब बरं, कुईं कुईं करत आला एकदाचा.

आता ती स्प्रिंग. गाडी जॅकवर उचलली, चाक लोंबकळतंय, म्हणजे स्प्रिंग मोकळी झाली असं वाटतं. नाही झालेली. वरची टोपी आणि शॉकअपवरची खालची बशी यांच्यामध्ये ती अजून दबलेलीच असते, आणि वरच्या एका नटाने ते सगळं धरलेलं असतं. तो नट एरवी अगदी गरीब दिसतो, तो सोडला की काय होईल त्याचा हिशोब करून बघा. समजा स्प्रिंग अशी आहे की एक मिलिमीटर दाबायला ३० न्यूटन लागतात, म्हणजे तीनेक किलोचा भार. ती १०० मिलिमीटर दाबली तर ३०० किलोचा भार झाला, आणि तिच्यात साठलेली ऊर्जा १५० जूल. दहा किलोची तांदळाची गोणी दीड मीटरवरून पायावर पडली तर जेवढी, तेवढी. फक्त गोणी पडताना दिसते तरी.

म्हणून स्प्रिंग कंप्रेसर, म्हणजे स्प्रिंग दाबून धरणारं हत्यार. आकडे असलेले दोन लांब स्क्रू, समोरासमोर लावायचे, आणि आळीपाळीने थोडं इकडे थोडं तिकडे असं आवळत जायचं. इथे नट फिरवायची हवेवरची एअरगन वापरायची नाही, हाताने पाना फिरवायचा. एका बाजूला जास्त आवळलं की स्प्रिंग केळ्यासारखी वाकते आणि आकडा घसरायला बघतो. आणि तोंड कधीही तिच्या टोकासमोर न्यायचं नाही, समोर भिंत असू दे, आपण बाजूला. मला हा भाग आवडतो असं म्हटलं तर विचित्र वाटेल पण आवडतो. बाकी मेकॅनिकी म्हणजे ताकद, शिव्या आणि हातोडा, इथे मात्र घाई चालत नाही. तीस वर्षांची ड्युटी एका झटक्यात सोडवता येत नाही, आटा आटा करून उतरवावी लागते. आवळता आवळता एका क्षणी स्प्रिंग बशीवर सैल होते, हाताने फिरवली तर फिरते, आणि मग तो वरचा नट खरंच गरीब होतो. स्प्रिंगेची भीती वाटते म्हणून घरी हे काम करत नाही असं म्हणणाऱ्यांना मी अजिबात हसत नाही. भीती वाटत नाही म्हणणाऱ्यापासून मात्र चार हात लांब राहतो.

आपल्याकडे हायवेच्या कडेला कमानपाट्यांची दुकानं असतात ना, ट्रकचे पाटे भट्टीत लाल करून ठोकून परत कमान देणारी, त्या लोकांना हे मी करतोय ते बघून हसू आलं असतं. पाटा निदान सरळ दिसतो. गुंडाळीची स्प्रिंग म्हणजे मुळात पिळलेली तार आहे. वरून दाबली तरी आतली तार वाकत नाही, पिळली जाते. तिचा कडकपणा तारेच्या जाडीच्या चौथ्या घातावर जातो, म्हणजे तार दहा टक्के जाड केली तर स्प्रिंग जवळजवळ दीडपट कडक. आणि वेढे कमी केले तरी कडक होते. गाडी खाली करायची म्हणून ग्राइंडरने एक वेढा कापणारे महाभाग असतात, त्यांना वाटतं फक्त उंची कमी केली. उंची कमी झाली, स्प्रिंग कडक झाली, आणि बशीत बसायचं तिचं नीट टोकही गेलं. असलं काम माझ्यासमोर तरी करू नये कुणी.

नव्या स्प्रिंगा बसवणं पटकन झालं, टोक बशीतल्या खाचेत बसलंय ना बघायचं, शॉकअप पूर्ण दबला की धक्का झेलणारा रबरी बंप स्टॉप आणि धूळ अडवणारा गेटर विसरायचा नाही, संपलं. पण त्यानंतर एक गोष्ट आहे जी भलेभले करत नाहीत. विशबोनच्या सांध्यात रबराचे बुश असतात, आणि रबर आतल्या आणि बाहेरच्या नळीला चिकटलेलं असतं. हात वरखाली होतो तेव्हा तिथे काही घासत नाही, रबर नुसतं पिळतं. मग चाक लोंबकळत असताना बोल्ट घट्ट केला तर काय, रबराला वाटतं हीच आपली विश्रांतीची जागा. गाडी खाली उतरवली की ते कायमचं पिळलेल्या अवस्थेत राहतं. गाडी उगाच उंच बसते आणि काही दिवसांनी बुश फाटतात. म्हणून सगळे बोल्ट आधी हलके लावायचे, गाडी चाकांवर उभी करायची, दोनदा ढकलून खालीवर करायची आणि मग खाली झोपून शेवटचं आवळायचं. गाडी आता आधीपेक्षा खाली, आणि माझं पोट तेवढंच. आई म्हणाली, "अडकलास का?" मी नाही म्हणालो.

ही गाडी १९८९ च्या फेब्रुवारीत शिकागोच्या ऑटो शोमध्ये पहिल्यांदा लोकांना दाखवली. घोडा आणि स्वार एकच, असं माझदाचं जपानी सूत्र होतं, जिनबा इत्ताई. २०१६ मध्ये दहा लाखावी गाडी हिरोशिमात तयार झाली. एवढ्या लोकांनी ती घेतली ती काही जोरात पळते म्हणून नाही, टनाच्या आसपासची हलकी गाडी आहे, वळणावर तिचं अंग कसं कलतं ते कळतं म्हणून. आणि मी ते कलणंच कमी करून ठेवलं. खरं सांगू का, जुन्या स्प्रिंगेची मजा थोडी गेलीच. गुळगुळीत रस्त्यावर आता गाडी झकास वळते, हात जरा हलवला की नाक तिकडे. पण इथे गुळगुळीत रस्ता आहे कुठे? याच डेट्रॉइटात १९०९ मध्ये वूडवर्ड अॅव्हेन्यूचा एक मैल काँक्रीटचा केला, अमेरिकेतला तसला पहिला मैल, आणि आज मार्च महिन्यात बर्फ वितळला की त्याच शहरात असे खड्डे पडतात की पुण्याच्या माणसाला गावची आठवण यावी. चाकाला वर जायला आता जागा कमी, मोठा खड्डा आला की सरळ बंप स्टॉपवर. नवीन घेणाऱ्याला मी तरी कंपनीच्या उंचीच्याच घे म्हणेन.

अलाइनमेंट मात्र घरी केलं नाही, दोरी लावून करणारे करतात, मी दुकानात नेली. गाडी खाली बसली की चाकं वरच्या टोकाला आत कलतात, तो कँबर, पुढचा-मागचा टो, म्हणजे चाकं नाकाशी आत वळलीत की बाहेर, सगळं हलतं. स्प्रिंगा थोडं चालवल्यावर जराशा बसतात, तेवढं झाल्यावर नेलेलं बरं. उंची मोजताना जमिनीपासून नाही, चाकाच्या मध्यापासून मडगार्डच्या कडेपर्यंत मोजायची, म्हणजे टायरची हवा मध्ये येत नाही. तशी मोजली. रिकामी गाडी दोन्ही बाजूंना सारखी. मी ड्रायव्हरच्या, म्हणजे इथल्या डाव्या सीटवर बसलो आणि बायकोला टेप धरायला लावली तर डावी बाजू चार मिलिमीटर खाली. रेसवाले म्हणे ड्रायव्हरच्या वजनाची पोती ठेवून सेट करतात. आमच्याकडे आईला शेजारच्या सीटवर बसवलं की गाडी बरोबर लेव्हलला येते, फक्त हे तिला सांगायचं नाही असं आम्ही दोघांनी ठरवलंय.