तुम्ही विचारलंत म्हणून: शिमग्याला देवीचं काय काम?

फाल्गुन लागला की ऑफिसात हा प्रश्न ठरलेला. "नवरात्रात तुम्ही इथेच पुण्यात असता आणि होळीला मात्र आठवडाभर रजा टाकता. देवीचा उत्सव नवरात्रात ना? मग शिमग्याला तिचं काय काम?"

नवरात्र आमच्या गावीही असतं. देवळात घट बसतात, रात्री भजनं रंगतात, दसऱ्याला सोनं लुटतात. पण तेव्हा देवी देवळात असते आणि आपण तिच्याकडे जायचं. शिमग्याला ती देऊळ सोडून पालखीत बसून घरोघरी येते. दारात आलेल्या देवीला कुलूप दाखवायचं का? म्हणून रजा.

माझं सासर कोकणात, राजापूर तालुक्यात, खाडीच्या काठाला. ग्रामदेवी नवलाई. फाकपंचमीला, म्हणजे फाल्गुन शुद्ध पंचमीला शिमगा सुरू होतो. पुढे काही गावांत त्रयोदशीला होळी उभी राहते, ते तेरसे शिमगे. काही गावांत पौर्णिमेला, ते भद्रेचे. सासर भद्रेचं आणि माहेर तेरसेचं असलं तर दोन्हीकडची पालखी पदरात पडते. माझं तसं आहे, आणि याचा हेवा करणाऱ्या जावा मला आहेत.

एरवी पेटीत कुलपात असलेली देवीची चांदीची रुपं, म्हणजे मुखवटे, मानकऱ्यांच्या समोर बाहेर निघतात. गुरव ती उजळून पालखीत बसवतो, भोवती नव्या साड्या, वर फुलं. याला रुपं लागली म्हणतात. मग ढोल वाजतो, पुढे निशाण, आणि पालखी देवळाच्या पायऱ्या उतरते.

हे फाल्गुनातच का, याचं माझं उत्तर साधं आहे. आश्विनात हळवं भात कापणीला आलेलं असतं, गरवं अजून शेतात उभं. कोणाला सवड आहे? फाल्गुनात भात कणगीत, गवत रचलेलं, आंब्याला कैऱ्या, काजूला बोंडं. भाजावळीचं, म्हणजे पेरणीआधी शेत भाजायचं काम तेवढं उरतं. मुंबईच्या चाकरमान्यांनाही त्यामुळे वर्षात दोनच वाऱ्या पक्क्या, गणपती आणि शिमगा.

पालखी घरी येणार त्या दिवशी आमचं अंगण सकाळीच सारवून होतं. सुपात तांदूळ, नारळ, खण, हळदकुंकू मांडून सासूबाई ओसरीवर बसून राहतात आणि दर पाच मिनिटांनी मला विचारतात, "ढोल खंयसून ऐकू येता गो?" वरच्या वाडीत आहे म्हटलं तर अजून दोन तास. पोरं मोबाईलवर पालखी कुठे पोचली ते सांगत असतात, पण सासूबाईंचा विश्वास ढोलावर. भोयांचे पाय धुवायला घागर भरलेली असते. पालखी पाटावर बसते, आरती होते, मग ओटी. त्यानंतर गुरव गाऱ्हाणं घालतो: या घरातली लेकरं मुंबईपुण्यात राबतात, त्यांची राखण कर. प्रत्येक वाक्याला सगळे मिळून "व्हय महाराजा!" नातवाची दहावी, दिराची नोकरी, दुभती म्हैस, सगळं त्या गाऱ्हाण्यात येतं. सासूबाई मागून गुरवाला आठवण करून देतात, "गुडघ्याचापन सांगा."

सहाणेवर, म्हणजे पालखी बसते त्या गावच्या जागेवर, खुणा काढतात तो खेळ मात्र बघण्यासारखा. जमिनीत कुठेतरी नारळ पुरलेला असतो आणि भोयांच्या खांद्यावरची पालखी तो शोधून काढते. ती एका जागी येऊन हटून बसते, दांडा खाली दाबला जातो, पोरं माती उकरतात. खाली नारळ निघाला की ढोलाचा ठेका बदलतो. भोयांना आधीच ठाऊक असतं, असं म्हणणारे आहेत. माझ्या नवऱ्यानेही खांदा दिलाय, त्याला विचारलं तर म्हणतो, "तू एकदा खांदा दी, मग बोल." पण आमच्या गावात बायकांना अजून खांदा देत नाहीत. काही गावांत बायका पालखी नाचवतात, आमच्याकडेही ते व्हावं असं माझं स्पष्ट मत आहे आणि ते मी भावकीच्या बैठकीत बोलून दाखवलंय. सगळे पुरुष एकदम चहाच्या कपात बघायला लागले.

सगळं गोडच असतं असंही नाही. पालखी आधी कोणत्या वाडीत, पहिला नारळ कोणाचा, यावरून सख्खे भाऊ वर्षानुवर्षं बोलत नाहीत. मानपानापायी रुपं पेटीतच राहिली, अशीही गावं आहेत. त्या वर्षी तिथल्या बायकांनी ओटीचं सूप कोणापुढे धरायचं, हे भांडणाऱ्यांना कोणी विचारत नाही.

तुम्हाला यायचं असेल तर जरूर या. फक्त पालखी आमच्या घरी किती वाजता येईल ते विचारू नका. रात्री नऊला म्हणतात आणि पहाटे तीनला येते. परतीचं तिकीट एक दिवस पुढचं काढा.