ओन्लीची वही: सहा आठवड्यांनंतर

मंडळी, माझं इंग्रजी सुधारायचं चाललंय, त्यात मागच्या खेपेला 'अ' आणि 'द' या उपपदांनी माझा घाम काढला होता. या वेळी ठरवलं, एकच शब्द धरायचा आणि तो हातात बसेपर्यंत सोडायचा नाही. निवडला ओन्ली. कारण सांगतो.

मी कोल्हापुरात एका फाउंड्रीत डिस्पॅच बघतो. कास्टिंग्ज बाहेर जातात, त्यामुळे रोज चार-दोन ईमेल इंग्रजीत लिहावे लागतात. एका जर्मन गिऱ्हाइकाला मी मोठ्या ऐटीत लिहिलं, 'द मटेरियल विल बी डिस्पॅच्ड ऑन मंडे ओन्ली.' माझ्या डोक्यात होतं, सोमवारीच पाठवतो, मंगळवारची वाट नको. म्हणजे किती तत्पर बघा आम्ही! पलीकडून उत्तर आलं, एवढा उशीर का? त्यांनी वाचलं होतं 'सोमवारपर्यंत काही हलणार नाही'. मी ज्या शब्दाने घाई दाखवली, त्याच शब्दाने त्यांना दिरंगाई दिसली. त्या संध्याकाळी शंभर पानी वही आणली.

पहिला आठवडा नुसता मोजण्यात गेला. पाठवलेले जुने ईमेल काढले आणि प्रत्येक ओन्लीखाली पेन्सिलीने मराठी वाक्य लिहिलं. दोन पानं भरली तेव्हा चोर सापडला. तो ओन्ली नव्हताच, आपला 'च' होता. आपण च बोलतो आणि त्याच्यावर ओन्लीचा कोट चढवतो. आणि कोट चढवतो तोही मागून, कारण च शब्दाला मागून चिकटतो.

आता हा च काय काय करतो ते बघा. 'मीच गेलो' यात दुसरं कुणी नाही, तिथे ओन्ली चालतो: ओन्ली आय वेंट. 'इथेच थांब' यात ओन्ली नाही, राइट हिअर. 'आत्ताच आलो' म्हणजे जस्ट. ('नाऊ ओन्ली आय केम' हे मी वीस वर्षं म्हणत आलोय. लेक म्हणते, बाबा, आधी सांगायला लाज वाटायची.) 'तो आलाच नाही' यात ॲट ऑल. 'त्याच माणसाने' म्हटलं की द सेम किंवा द व्हेरी. 'मी जाणारच' याला तर डेफिनिटली लावा, नाहीतर नुसता आवाज चढवा. एका अक्षराला इंग्रजीत सहा-सात गडी लागतात आणि आपण सगळ्यांच्या जागी एकट्या ओन्लीला राबवतो.

दुसऱ्या आठवड्यातला प्रयोग मला सगळ्यात आवडला, तुम्हीही करून बघा. वाक्य घेतलं: आईने रविवारी बाबांना लाडू दिले. च एकेका शब्दाला लावत गेलो. आईनेच दिले, दुसऱ्या कुणी नाही. रविवारीच दिले, इतर दिवशी नाही. बाबांनाच दिले, आम्ही बसलो तोंड बघत. लाडूच दिले, चिवडा नाही. इंग्रजीत हेच करायचं तर ओन्ली त्या-त्या शब्दाच्या आधी ठेवायचा: ओन्ली मदर, ओन्ली ऑन संडे, ओन्ली टू फादर, ओन्ली लाडूज. इथवर गाडी रुळावर होती. मग च क्रियापदाला लावला: आईने बाबांना लाडू दिलेच. म्हणजे डॉक्टरांनी नको सांगितलं होतं तरी शेवटी दिले! आणि 'मदर ओन्ली गेव्ह'? त्यात हट्टाचा वासही नाही. लिहिलेलं काटेकोरपणे वाचलं तर नुसते दिले, आणखी काही केलं नाही. बोलताना मात्र ओन्ली क्रियापदाच्या आधी ठेवून हव्या त्या शब्दावर जोर देतात, आणि ऐकणाऱ्याला बरोबर कळतं.

यावरून तिकडेही जुनं भांडण आहे. ओन्ली नेमक्या शब्दाला चिकटूनच हवा असं व्याकरणवाले म्हणत आले, आणि फाउलर या इंग्रज कोशकाराने 1926 मध्येच त्या आग्रहाला फाजील ठरवून टाकलं. मी स्वतःपुरता तह केलाय: ईमेलमध्ये नेमक्या शब्दाआधी, गप्पांत क्रियापदाआधी. शेवटी टाकायचा नाही.

शेवटी फक्त चेकवर. 'रुपीज फाइव्ह हंड्रेड ओन्ली' हे आपण 'अक्षरी रुपये पाचशे फक्त' लिहितो तसंच आहे. पुढे कुणी आकडा वाढवू नये म्हणून मारलेलं कुलूप. 'फक्त' मूळचा अरबी, फारसीमार्गे आपल्याकडे आला. ओन्ली मात्र 'वन'च्या घरातला, म्हणजे अर्थाने आपल्या 'एक'चाच नातलग. 'ओन्ली चाइल्ड'साठी आपण 'एकुलता एक' म्हणतो तेव्हा ते नातं उघडं पडतं.

तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात गाडी अडली. 'पाऊस थांबल्यावरच आम्ही निघालो' हे वाक्य ओन्लीने सुरू केलं की पुढे उलथापालथ होते: ओन्ली आफ्टर द रेन स्टॉप्ड डिड वी लीव्ह. तो डिड माझ्याकडून दहातल्या आठ वेळा सुटला. बरं, 'ओन्ली माय ब्रदर केम' मध्ये डिड नको. माझी खूण अशी: ओन्लीने कर्त्याला धरलं असेल तर वाक्य सरळ, वेळेला, जागेला किंवा अटीला धरून पुढे आला तर डिड, कॅन, विल जे असेल ते कर्त्याच्या आधी उडी मारतं. ही खूण भिंतीवर चिकटवली आहे. तरी चुकतो. ईमेलमध्ये सरळ 'वी लेफ्ट ओन्ली आफ्टर' लिहून सुटका करून घेतो, हेही कबूल.

'ओन्ली इफ' आणि 'इफ ओन्ली' यांचं मात्र मराठीने एका फटक्यात काम केलं. ओन्ली इफ म्हणजे 'तरच'. पैसे आले तर माल सोडतो आणि पैसे आले तरच माल सोडतो, यातला फरक आमच्या गेटवरच्या वॉचमनलाही कळतो. इफ ओन्ली म्हणजे सुस्कारा: एकदाचा पाऊस पडला असता तर!

एक बाजू मांडतो. 'लाइक दॅट ओन्ली' ऐकून नाक मुरडणारे आपल्यात पुष्कळ आहेत. पण हिंदीत 'ही' आहे, गुजरातीत 'ज', तमिळमध्ये 'तान', आणि सगळे शब्दाच्या मागेच येतात. देशभर लोक ओन्ली मागे टाकतात ते उगाच नाही. भाषाशास्त्रज्ञ त्याची गणना भारतीय इंग्रजीच्या लकबींत करतात, चुकांत नाही. चेन्नईच्या ट्रान्सपोर्टवाल्याशी फोनवर मी आजही 'टुमॉरो ओन्ली' म्हणतो आणि ट्रक दुसऱ्या दिवशी येतो. जर्मनीला लिहिताना तेवढा काढतो.

सहा आठवड्यांचा हिशेब: मागून लागणारा ओन्ली ईमेलमधून गेला, बोलण्यातून निम्मा गेला असेल. उलथापालथीचं वाक्य अजून कच्चं. वहीच्या शेवटच्या पानावर न सुटलेले च जमवतोय. 'मी म्हटलंच होतं' काल सुटला: आय टोल्ड यू सो. च च्या जागी चक्क 'सो'! 'आहेच मुळी' तसाच पडून आहे. आणि हे लिहीत असताना आतून जेवायला हाक आली, मी ओरडलो 'आलोच!' आणि जागचा हललो नाही. आलो हा भूतकाळ, जायचंय अजून, वर च. इंग्रजीत नुसतं 'कमिंग!' पानावर एक ओळ वाढली.