लिफ्ट तासाच्या भाड्याने, हात आपलेच

जर्मनीत घर भाड्याने घेताना करारातले नियम मी मुकाट्याने मान्य केले होते. परंतु इमारतीच्या पार्किंगमध्ये वाहनाची दुरुस्ती करण्यास मनाई आहे, हे कलम गाडीचा क्लच, म्हणजे इंजिन आणि गिअरबॉक्स यांना जोडणारा-तोडणारा भाग, गेल्यावरच खऱ्या अर्थाने बोचले. ऑइलचा थेंब जमिनीत मुरू नये आणि शेजाऱ्यांना उपद्रव होऊ नये हा त्यामागचा हेतू, आणि तो गैर आहे असे कोणी म्हणणार नाही. तरीही कऱ्हाडला ज्या गल्लीत मी वाढलो, तिथे रविवारी सकाळी एखादी तरी गाडी घोडीवर चढवलेली आणि तिच्याखालून कोणाचे तरी पाय बाहेर आलेले असायचेच, त्यामुळे स्वतःच्या गाडीखाली शिरायला परवानगी नसावी ही गोष्ट पचनी पडायला वेळ लागला.

गाडी म्हणजे 1991ची सुझुकी सामुराई. आपल्याकडे 1985च्या अखेरीस मारुतीने जी जिप्सी आणली, तिची ही आखूड बहीण. जिप्सीचा व्हीलबेस, म्हणजे पुढच्या-मागच्या चाकांमधले अंतर, 2375 मिलिमीटर, हिचा 2030. माझ्या गाडीचा चासी नंबर व्हीएसई या अक्षरांनी सुरू होतो, म्हणजे ती जपानमध्ये नव्हे, तर स्पेनमधल्या लिनारेस गावी सांताना कंपनीच्या कारखान्यात तयार झाली आहे. तो कारखाना 2011 साली बंद पडला. मी राहतो ते स्टुटगार्ट शहर खोलगट जागेत वसलेले असल्याने कुठेही बाहेर पडायचे म्हटले की चढ लागतो, आणि नॉये वाइनश्टायगे या रस्त्याच्या, डेगेरलोख भागाकडे जाणाऱ्या चढावरच दुखणे उघडे पडले. चौथ्या गिअरमध्ये ॲक्सिलरेटर दाबला की इंजिनाचा आवाज चढायचा, वेग मात्र होता तिथेच राहायचा. क्लच स्लिप होतो आहे हे कळायला यापुढे कोणाला विचारावे लागत नाही.

गॅरेजमध्ये चौकशी केली तेव्हा समोरच्या गृहस्थांनी गाडी न पाहताच, केवळ तिचे वय ऐकून, या गाडीवर एवढा खर्च करण्यात अर्थ नाही असे अत्यंत सभ्य शब्दांत सांगितले. क्लचप्लेट, प्रेशर प्लेट आणि रिलीज बेअरिंग यांचा संच काही फार महाग नाही. महाग आहे तो माणसाचा तास, आणि तो इथे शंभर युरोंच्या वर सहज जातो. मजुराच्या कष्टाला मोल असावे हे तत्त्व म्हणून मला मान्यच आहे, किंबहुना आपल्याकडे ते नाही याची खंतही वाटते. पण त्या मोलामुळे चांगली चालती गाडी भंगारात काढायचा सल्ला मिळावा, ही मात्र उधळपट्टीच म्हणायची. आपल्याकडचा कोणताही मिस्त्री गाडीचे वय ऐकण्याआधी बॉनेट उघडून आत डोकावला असता.

वडिलांना फोनवर सांगितले की क्लच मीच बदलणार आहे, तेव्हा ते क्षणभर गप्प झाले आणि मग म्हणाले, "एवढं इंजिनिअर होऊन तिकडं जाऊन गॅरेजात पडायचं होतं, तर इथं काय वाईट होतं रे?" इथे डॉक्टर, प्राध्यापक, बँकेचे अधिकारीही हे उद्योग करतात, असे मी त्यांना समजावले. ते त्यांना पटले नाही. आणि पैसे वाचतात हे खरे कारण मी सांगितले नाही, कारण ते त्यांना लगेच पटले असते आणि काळजी वाटली असती.

मार्ग निघाला तो भाड्याच्या वर्कशॉपमुळे. इथे अशा जागा असतात, जिथे गाडी वर उचलणारी लिफ्ट तासाच्या हिशोबाने मिळते; दर जागेनुसार बदलतो, पण साधारण पंधरा ते पंचवीस युरो धरून चालावे. लिफ्टबरोबर पाने, सॉकेट, गिअरबॉक्स उतरवण्याचा जॅक आणि हवेची नळी मिळते, आणि देखरेखीला एक जाणता कारागीर असतो, जो विचारल्याशिवाय बोलत नाही, पण गाडी लिफ्टवर नीट टेकली आहे की नाही हे स्वतः पाहिल्याशिवाय तुम्हाला खाली जाऊ देत नाही. क्लचची जुनी धूळ हवेने उडवायला तिथे सक्त मनाई आहे, कारण क्लचप्लेटच्या जुन्या अस्तरांत ॲस्बेस्टॉस हे फुप्फुसांना घातक खनिज असू शकते. जर्मनीने त्यावर 1993 सालीच बंदी घातली. आपल्याकडे सरसकट बंदी अजूनही नाही, आणि आपल्या गॅरेजमधली पोरे ती धूळ फुंकून उडवतात, हे आठवले की अंगावर काटा येतो.

या गाडीची एक सोय जिप्सीवाल्यांना ठाऊक असेल. हिची ट्रान्स्फर केस, म्हणजे इंजिनाची ताकद पुढच्या-मागच्या चाकांकडे वाटणारी पेटी, गिअरबॉक्सला चिकटलेली नसते. ती मागे वेगळी टांगलेली असते आणि मध्ये एक आखूड शाफ्ट असतो. त्यामुळे गिअरबॉक्स उतरवताना ट्रान्स्फर केस आणि पुढचा-मागचा शाफ्ट यांना हातही लावावा लागत नाही. बॅटरीची तार सोडायची, आतून गिअरचा दांडा काढायचा, ऑइल उतरवायचे, आखूड शाफ्ट, स्टार्टर, क्लच वायर आणि रिव्हर्स दिव्याची जोडणी सोडायची, आणि मग जॅकचा आधार देऊन मागचा क्रॉस मेंबर (आडवा आधार) व बेलहाउसिंगचे, म्हणजे क्लचवरच्या घंटेसारख्या आवरणाचे, बोल्ट काढायचे. वरचे बोल्ट मात्र परीक्षा पाहतात. तिथे पाना दिसत नाही, बोटांनीच बोल्ट शोधावा लागतो, आणि तीस वर्षांच्या गंजाने तो सुटायला अजिबात उत्सुक नसतो.

गिअरबॉक्स मागे सरकला तेव्हा खरे कारण समोर आले. बेलहाउसिंगच्या तळाशी काळा, चिकट चिखल साचला होता, आणि इंजिनामागच्या जड चक्राच्या, म्हणजे फ्लायव्हीलच्या, कडेवरून ऑइलचा ओघळ बाहेर आला होता. क्रँकशाफ्टचे, म्हणजे इंजिनाच्या मुख्य फिरत्या दांड्याचे, मागचे ऑइल सील कडक होऊन गळत होते आणि ते ऑइल क्लचप्लेटवर जात होते. प्लेटचे अस्तर रिव्हेटपर्यंत झिजलेले होतेच, पण ते नुसतेच बदलले असते तर नवी प्लेटही काही दिवसांत तेलकट झाली असती. फ्लायव्हीलवर निळसर डाग होते, भेगा मात्र नव्हत्या. डाग घासून निघाले. क्रँकचे सील, गिअरबॉक्सच्या तोंडाचे सील आणि गिअरबॉक्सच्या शाफ्टचे टोक पेलणारे छोटे पायलट बेअरिंग हे तिन्ही बदलले. आमच्या कऱ्हाडच्या मिस्त्रीकाकांचे म्हणणे असे, की "प्लेट नवी आणि बेअरिंग जुनं ठेवायचं नाही, साहेब, गिअरबॉक्स परत उतरवायला तुम्हीच याल."

बसवताना प्लेट बरोबर मध्यावर येणे महत्त्वाचे असते, नाहीतर गिअरबॉक्सचा शाफ्ट आत शिरतच नाही. इथल्या देखरेखवाल्याने त्यासाठी प्लास्टिकचा खास दांडा दिला. मिस्त्रीकाका हेच काम जुन्या गिअरबॉक्सच्या शाफ्टचा तुकडा वापरून करत, तेही लिफ्टशिवाय, जमिनीवर पोते अंथरून, आणि त्यांची प्लेट कधी चुकल्याचे मला आठवत नाही. जर्मन शिस्तीचे कौतुक करताना हे नोंदवणे मला आवश्यक वाटते. प्लेटची स्प्रिंगची बाजू गिअरबॉक्सकडे ठेवून, प्रेशर प्लेटचे बोल्ट समोरासमोर आणि थोडे थोडे आवळत गेलो. शाफ्टवरच्या खाचांना (स्प्लाइनला) ग्रीस अगदी पुसट लावले, कारण जास्त लावले की तेही उडून अस्तरावर जाते.

आता ऑइलविषयी, ज्यामुळे हा लेख लिहायला घेतला. इथे जो दुकानदार इंजिनचे किंवा गिअरचे ऑइल विकतो, त्याने तेवढेच वापरलेले ऑइल फुकट परत घेतले पाहिजे, असा कायदाच आहे. मी बिल आणि काळ्या ऑइलचा डबा घेऊन गेलो. काउंटरवरच्या बाईंनी बिलावरचे लिटर पाहिले, डब्यावरची खूण पाहिली, त्यात ब्रेक ऑइल किंवा कूलंट मिसळलेले नाही ना एवढे विचारले, आणि डबा आत नेला. कुठेही उपदेश नाही, फॉर्म नाही, मोठेपणाचा आव नाही. आपल्याकडे जळके ऑइल वाया जाते असे नाही. सेंट्रिंगच्या फळ्यांना ते लावतात, वाळवी लागू नये म्हणून गोठ्याच्या खांबांना लावतात, आणि पुनर्वापराचे धडे आपल्याला कोणी देण्याची गरज नाही, असे मी इथल्या एका मित्राला ऐटीत सांगितलेही. त्याने विचारले, की पाऊस आल्यावर त्या फळ्यांवरचे ऑइल कुठे जाते? आपल्याकडेही 2016च्या घातक कचऱ्याच्या नियमांत वापरलेले ऑइल येते. पण नाक्यावरच्या गॅरेजवाल्याने डबा घेऊन कोणत्या दारात जायचे, हे त्याला कोणी सांगितलेले नाही. दोष त्याला देणे मला जमत नाही.

जुन्या गाडीविषयीही इथला नियम मला सुसह्य वाटतो. दर दोन वर्षांनी तपासणी होते, ब्रेक, चासीचा गंज, धूर सारे पाहतात, आणि गाडी त्यात उतरली तर तिचे वय कोणी काढत नाही. उलट तिशी ओलांडलेल्या आणि मूळ रूपात राखलेल्या गाडीला नंबरच्या शेवटी एच हे ऐतिहासिक गाडीची खूण असलेले अक्षर सन्मानाने मिळू शकते. दिल्लीत पंधरा वर्षांच्या पेट्रोल गाडीमागे लागलेला ससेमिरा पाहता, महाराष्ट्रात निदान पाच-पाच वर्षांचे पासिंग करून घेता येते हे बरेच म्हणायचे. अर्थात, दिल्लीची हवा पाहिली की माझा युक्तिवाद तितकासा भक्कम राहत नाही, हेही खरे.

चढावर गाडी उठवताना हाय रेंजमध्ये क्लच अर्धवट दाबून धरण्यापेक्षा सरळ लो रेंज, म्हणजे ट्रान्स्फर केसमधला कमी वेगाचा, जास्त ओढीचा गिअर, टाकावी, निदान मातीच्या रस्त्यावर तरी, एवढे जिप्सीवाल्या मित्रांना सांगून ठेवतो. माझ्या गाडीत नव्या क्लच वायरचा ढिलेपणा पेडलवर तपासून झाला आहे आणि वाइनश्टायगेवर चौथा गिअर आता वेग घेतो. ट्रान्स्फर केसच्या मागच्या सीलपाशी मात्र थोडा ओलावा दिसला. तपासणीत ऑइलची गळती दोष म्हणून नोंदली जाते, तेव्हा त्यासाठी पुढच्या महिन्यातल्या एका शनिवारची लिफ्ट राखून ठेवली आहे. वडिलांना हे अजून सांगितलेले नाही.