आबांची जंगी पलटण

‘तुमच्या वडिलांची लढाईतली माहिती तुम्ही काढलीत कुठून? साध्या शिपायाचं नाव कुठल्या कागदात असतं का?’ गावाकडून, नात्यातून, ओळखीच्या ओळखीतून हा प्रश्न मला सारखा येतो. विचारणाऱ्याच्या घरी बहुतेक एक फोटो असतो, दोन-तीन पदकं असतात आणि ‘आजोबा इटलीत होते म्हणे’ एवढं एक वाक्य असतं. तुम्ही विचारलंत म्हणून सविस्तर सांगते.

आमचं गाव महाडजवळ, सावित्रीच्या काठी. आबा, म्हणजे माझे वडील, दुसऱ्या महायुद्धात १९४१ साली मराठा पलटणीत भरती झाले आणि १९४६ साली परत आले. पुढे चाळीसेक वर्षं भातशेती केली. लढाईबद्दल ते फारसं बोललेच नाहीत. दोनच गोष्टी त्यांच्या तोंडी असायच्या. कुणी विचारलं तर म्हणायचे, ‘मी जंगी पलटणीतला.’ आणि पावसाळ्यात सावित्रीचं पाणी चढायला लागलं की म्हणायचे, ‘सांगरू चढला, गुरं सोडा.’ सांगरू म्हणजे पूर, असंच आम्ही भावंडं समजत होतो. मी तर शाळेतल्या निबंधातही तो शब्द लिहिला होता. बाईंनी त्याखाली लाल रेघ मारली होती.

शोधाची सुरुवात झाली ती माळ्यावरच्या ट्रंकेतल्या पदकांपासून. त्यातलं गोल, पांढुरकं पदक म्हणजे वॉर मेडल. एका बाजूला राजाचं डोकं, दुसऱ्या बाजूला दोन तोंडांच्या ड्रॅगनवर उभा असलेला सिंह. मी कितीतरी वेळा ते हातात घेतलं होतं, पण त्याची कड कधी पाहिली नव्हती. एका दुपारी दादा भिंग घेऊन बसला आणि म्हणाला, ‘अगं, इथं आकडे आहेत.’ आबांचा नंबर, हुद्दा आणि नाव, बारीक इंग्रजी अक्षरांत ठोकलेलं. नाव चुकीचं लिहिलेलं होतं, पण नंबर स्वच्छ होता. तुमच्या घरी पदक असेल तर आधी कड बघा, आणि घासूनपुसून चकचकीत करायला जाऊ नका. नंबर असला की पुढची सगळी दारं ठोठावता येतात. नुसत्या नावावर काही होत नाही, कारण त्या नावाचे शिपाई एकेका तालुक्यात दहा-दहा निघतात.

बेळगावला मराठा लाइट इन्फंट्रीचं केंद्र आहे, तिथेच रेकॉर्ड ऑफिस. नंबर, नात्याचा पुरावा, मृत्यूचा दाखला असं सगळं जोडून अर्ज केला, मग स्मरणपत्रं पाठवली. बऱ्याच महिन्यांनी शीट रोलची, म्हणजे शिपायाच्या नोकरीच्या नोंदपत्राची, प्रत हातात आली. उंची, छाती, ओळखीची खूण, गाव, तालुका. वय अठरा लिहिलेलं, आणि शाळेच्या दाखल्याप्रमाणे ते तेव्हा सोळाचे. भरतीच्या रकान्यात अंगठा होता. शेवटी, सुटका झाली त्या जागी, रोमन अक्षरांत सही होती, थरथरती पण पुरी. त्या काळी पलटणीत शिपायांना रोमन लिपीतून उर्दू शिकवत. आबांना लिहिता येतं हे आम्हांला माहीत होतं, ते शिकले कुठे हे कधी कुणी विचारलंच नव्हतं. त्या अंगठ्यावर आणि सहीवर मी कितीतरी वेळ बोट ठेवून बसले होते.

त्याच कागदावर एक ओळ होती : डिसेंबर १९४३, लढाईत जखमी.

आता पलटण कुठली, हे कळणं गरजेचं होतं. मराठा रेजिमेंटच्या बटालियन, म्हणजे पलटणी, अनेक होत्या. कुणी आफ्रिकेत, कुणी इटलीत, कुणी ब्रह्मदेशात. इथे आबांचा शब्द कामी आला. जंगी पलटण म्हणजे लढणारी कुठलीही पलटण नव्हे, ते पहिल्या बटालियनचं नाव आहे. ही बटालियन आठव्या भारतीय डिव्हिजनमध्ये होती आणि ती डिव्हिजन १९४३च्या सप्टेंबरात इटलीत तारांतोला उतरली. मग युद्धदैनंदिनी, म्हणजे पलटणीची रोजची नोंदवही, शोधायची. त्या काळच्या बऱ्याचशा लंडनमधल्या क्यू इथल्या नॅशनल आर्काइव्ह्जमध्ये आहेत, डब्ल्यू.ओ. म्हणजे वॉर ऑफिस या वर्गात : मध्यपूर्वेसाठी १६९, इटलीसाठी १७०, ब्रह्मदेशासाठी १७२. वाचनकक्षात स्वतःच्या कॅमेऱ्याने फोटो काढू देतात. माझी पुतणी तिकडे असते, तिने सुटीच्या दिवशी जाऊन सगळी पानं मोबाइलवर टिपून पाठवली.

ठिकाण, तारीख, वेळ, घडलेली गोष्ट असे रकाने. पलटणीतला अधिकारी रोज भरायचा. अधिकाऱ्यांची नावं आहेत. शिपायांची नाहीत. शिपाई म्हणजे आय.ओ.आर., इंडियन अदर रँक्स, आणि पुढे आकडा. आबा जखमी झाले त्या तारखेला ‘जखमी, आय.ओ.आर. ४’ एवढंच आहे. त्या चारांतले एक माझे वडील. हे वाचून मला राग आला, आणि तो अजून पुरता गेलेला नाही. जे तिकडेच राहिले त्यांची नावं निदान कोरलेली आहेत. इटलीतल्या सांग्रो नदीजवळच्या युद्धस्मशानभूमीत दहन झालेल्या ५००हून अधिक भारतीय सैनिकांचं स्मारक आहे, आणि युद्धातल्या मृतांची नोंद ठेवणाऱ्या कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्ह्ज या संस्थेच्या यादीत ती नावं कुणालाही शोधता येतात. आमच्या शेजारच्या माणगाव तालुक्यातले, पळसगावचे नाईक यशवंत घाडगे १० जुलै १९४४ रोजी तिबर नदीच्या वरच्या खोऱ्यात धारातीर्थी पडले. त्यांना व्हिक्टोरिया क्रॉस हा ब्रिटिशांचा सर्वोच्च शौर्यसन्मान मिळाला, त्यांचा पराक्रम शब्दाशब्दाने नोंदलेला आहे. पण जो लढला, जखमी झाला आणि परत येऊन गपचूप नांगराला लागला, तो कागदात फक्त एक आकडा असतो. म्हणून म्हणते, घरातली माणसं काय बोलायची ते आधी लिहून काढा. त्याशिवाय तो आकडा तुमच्याशी बोलणार नाही.

सांगरू हा शब्द मला दैनंदिनीच्या त्याच पानांत भेटला. नोव्हेंबर १९४३, रकान्यात ठिकाण : सांग्रो. त्या महिन्यात पाऊस थांबेना, नदी फुगली, सैन्याने टाकलेले पूल वाहून गेले आणि पलीकडे गेलेल्यांची वाट तुटली. लिहिणाऱ्याने तारखेमागून तारीख पाण्याचीच नोंद केली होती.

मी दादाला फोन लावला आणि त्या ओळी मराठीत करून वाचून दाखवल्या. तो बराच वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, ‘रात्री पाणी बघायला ते एकटेच का जायचे गं, आपल्याला का नाही न्यायचे?’ बाहेर पाऊस होता. ‘पानं पुतणीकडून मलाही पाठव,’ म्हणाला, आणि सावित्रीचं पाणी बघून येतो सांगून त्याने फोन ठेवला.