तुळशीचं तेल: तिसरी खेप जमली

दोन खेपा वाया घालवल्यावर तिसरी जमली, म्हणून लिहितोय.

पहिली जुलैतली. गच्चीवरची कृष्ण तुळस धुतली, पंच्यानं पुसली आणि ताजीच पानं तीळ तेलात बुडवली. आठव्या दिवशी बरणीच्या तळाशी गढूळ थेंब, वर तरंगणाऱ्या पानांवर पांढुरकी बुरशी. पुसलं ते वरचं पाणी. ताज्या पानाच्या आत पाऊण हिश्शाहून जास्त पाणीच असतं. दुसऱ्या वेळी घाई नडली. कढई थेट गॅसवर, पानं काळीठिक्कर. ते तेल आईनं दाराच्या बिजागऱ्यांना घातलं.

या वेळी ऑक्टोबरची कोरडी हवा होती. द्वादशीला आईनं पान खुडू दिलं नाही, तो दिवस गेला. दुसऱ्या दिवशी 200 ग्रॅम पाला मंजिऱ्यांसकट मागच्या खोलीत जुन्या धोतरावर पसरला, सांबार (कोथिंबीर) पसरतो तसा विरळ. उन्हात नाही, वास उडतो. पाचव्या दिवशी पान चिमटीत चुरायला लागलं, पण देठ अजून वाकत होते. आणखी दोन दिवस थांबलो. देठ कट्कन मोडला, तेव्हा वजन केलं: 38 ग्रॅम.

नागपूरच्या इतवारी बाजारातून आणलेलं घाण्याचं तीळ तेल 300 मिली. गंजात (पातेल्यात) पाणी, त्यात तेल-पाल्याचं स्टीलचं भांडं, आच अगदी बारीक. तेल 60 अंशांच्या आसपास ठेवून तीन तास. झाकण घातलं नाही, त्याचा घाम तेलात पडतो. कोरड्या मलमलीतून गाळलं. शेवटी पिळून निघालेलं गाळाचं तेल वेगळं ठेवलं, ते आधी संपवायचं. रंग शेवाळी, वास थेट लवंगेच्या वळणाचा. दोन्हींत युजेनॉल हे एकच वासाचं द्रव्य, दुसरं काय!

हे झालं मुरवलेलं तेल. दुकानात छोट्या बाटलीत मिळतं ते वाफेवर काढलेलं अर्क-तेल. किलोभर पाल्यातून जेमतेम काही ग्रॅम निघणारं, म्हणून भलतंच तीव्र. त्याचा एक थेंब मी शहाणपणानं तसाच मनगटावर चोळला होता, दोन दिवस लाल चट्टा. आता 30 मिली साध्या तेलात 6 थेंब, म्हणजे साधारण 1 टक्का, त्याच्या वर जात नाही. दोन्ही तेलं आधी कोपराच्या आतल्या बाजूला लावून 24 तास बघायचं. शेजारच्या काकूंना कानात घालायला हवं होतं, दिलं नाही. रुसल्या तर रुसल्या. रक्त पातळ करायच्या गोळ्या चालू असतील, बाई गरोदर असेल किंवा घरात तान्हं बाळ असेल, तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय बाटली उघडूच नका.

एका मित्रानं जवसाचं तेल सुचवलंय. आपल्याकडे स्वस्त आहे, खरं. पण ते हवेनं चिकट होतं, लवकर खवटतं, आणि त्यात भिजलेली फडकी बोळा करून ठेवली तर आपोआप तापून पेटूही शकतात. मी तिळावरच आहे.

तपकिरी बाटली, वर तारीख, उन्हाळा लागला की फ्रीजमध्ये. पुढची खेप राम तुळशीची, पण रोप अजून वीतभरच आहे.